सायकलने कामावर जाणाऱ्यांचा पेहराव

गोव्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार, दारोदार पाव पोचवणारे पोदेर, मासळी वा भाजी विकणारे फेरीवाले हा पहिला वर्ग होय. त्यांच्यासाठी सायकल ही गरज आहे. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा अशा शहरांतील कचेऱ्या, बँका, शाळा आणि दुकानांत नोकरी करणारे व स्वखुशीने सायकल निवडणारे हा दुसरा वर्ग. दोघांचे रस्ते एकच असले तरी कपड्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. पहिल्या वर्गाला धोका अधिक, कारण त्याचा बराच प्रवास अंधारात आणि गडद गणवेशात होतो. दुसऱ्या वर्गाला संकोच अधिक, कारण घामाने भिजलेला शर्ट घालून सहकाऱ्यांपुढे बसणे कोणालाच आवडत नाही. उत्साहाने सुरू केलेली सायकल काही आठवड्यांत पुन्हा अंगणात उभी राहते, त्यामागे रस्त्याच्या चढणीपेक्षा कपड्यांचा त्रासच अनेकदा कारणीभूत असतो.

सायकलस्वाराचा पेहराव म्हटले की अंगाला चिकटून बसणारे, चमकदार रंगांचे शर्यतीचे कपडे डोळ्यांसमोर येतात. कामावर जाण्याच्या प्रवासाला त्यांची फारशी आवश्यकता नसते. किती अंतर जायचे आहे, घाम किती येणार आहे, ऋतू कोणता आहे आणि सायकलचे कोणते फिरते भाग उघडे आहेत, या चार गोष्टी नीट पाहिल्या तर बहुतेकांचा पेहराव घरातील कपाटातूनच उभा राहू शकतो.

घामाचा हिशोब

सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील जेमतेम २० ते २५ टक्के भाग पॅडल फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाताना पॅडलवर ७५ वॅट शक्ती लावली जाते असे धरले, तर त्याच वेळी शरीरात २२५ ते ३०० वॅट उष्णता निर्माण होत असते. एक लिटर घामाचे बाष्प होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता अंगावरून निघून जाते. म्हणजे ही सगळी उष्णता केवळ घामावाटे घालवायची झाल्यास तासाला एक तृतीयांश ते अर्धा लिटर घाम सुकावा लागेल. येथे ‘सुकणे’ महत्त्वाचे आहे. अंगावरून ओघळून खाली पडलेला घाम शरीराला थंड करत नाही, तो फक्त कपडे भिजवतो.

घाटावरच्या कोरड्या हवेत घाम आला तरी तो लवकर उडून जातो. गोव्याच्या दमट हवेत तसे होत नाही. हवेत आधीच भरपूर बाष्प असल्यामुळे नव्या बाष्पाला जागा कमी उरते आणि कपडे ओलेच राहतात. त्यामुळे तापमापकावर आकडा मोठा नसतानाही येथे घामाने चिंब व्हायला होते.

चालत्या सायकलवर या त्रासाला उतारा असतो तो वाऱ्याचा. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या अंगावर तेवढाच वारा सतत येत राहतो. सिग्नलला, फेरीबोटीच्या धक्क्यावर किंवा कचेरीच्या दारात सायकल थांबली की हा वारा थांबतो, पण शरीरातील उष्णता लगेच कमी होत नाही. म्हणूनच प्रवासात कोरडा वाटणारा माणूस पोचल्यावर पाच मिनिटांत घामाघूम होतो. शेवटचा अर्धा किलोमीटर अगदी संथ चालवणे आणि पोचल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसून मगच कपडे बदलणे हे यावरचे सोपे उपाय आहेत. पोचल्या पोचल्या बदललेला कोरडा शर्टही पुन्हा भिजतो.

वेग हाही पेहरावाचाच भाग मानावा लागतो. हवेला कापत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरवरून २० किलोमीटरवर गेल्यास हवेच्या विरोधासाठी लागणारी शक्ती सव्वादोनपटीहून अधिक होते. पाच किलोमीटरच्या प्रवासात या घाईने वाचतात ती केवळ पाच मिनिटे. ती पाच मिनिटे घरून लवकर निघून मिळवली, तर कित्येकांना कपडे बदलण्याची गरजच उरणार नाही.

अंतरावरून निवड

तीन-चार किलोमीटरचा सपाट रस्ता असेल, तर रोजचेच कपडे पुरतात. रायबंदरहून पणजीला येणारा सतराव्या शतकातील बांध-रस्ता हे अशा सपाट मार्गाचे उत्तम उदाहरण आहे. १६३३-३४ मध्ये बांधलेला हा रस्ता सुमारे तीन किलोमीटर लांब असून मांडवीच्या काठाने जातो. अशा रस्त्यावर सुती वा मिश्र धाग्याचा सैलसर शर्ट, थोडी ताणली जाणारी पँट आणि बंद बूट एवढ्यावर काम भागते. वरचे बटण उघडे ठेवावे, बाह्या कोपरापर्यंत सरकवाव्यात आणि टाय वापरणाऱ्याने तो खिशात ठेवावा.

पाच ते दहा किलोमीटरच्या अंतराला, किंवा अंतर कमी असूनही वाटेत चढण असल्यास, किमान वरचा कपडा बदलावा लागतो. दोनापावलहून पणजीला येणारे, पणजीतून पर्वरीच्या चढणीला लागणारे, आल्तिनोवरच्या कचेऱ्यांत जाणारे या गटात मोडतात. पँट तीच ठेवून प्रवासापुरता टी-शर्ट घालावा आणि कामाचा शर्ट घडी करून सोबत न्यावा. घाम प्रामुख्याने पाठ, छाती आणि काखा येथे जाणवतो, त्यामुळे एवढा बदलही पुरेसा ठरतो.

अंतर दहा किलोमीटरहून जास्त असल्यास प्रवासाचे आणि कामाचे कपडे पूर्णपणे वेगळे ठेवणेच इष्ट. म्हापसा ते पणजी किंवा मडगाव ते वेर्ण्याचा सडा असा प्रवास रोज करणाऱ्याने आतल्या कपड्यांसह एक पूर्ण जोड बदलण्याची तयारी ठेवावी. गणवेश असलेल्यांनाही हेच लागू आहे. कारखान्यातील, इस्पितळातील किंवा हॉटेलातील गणवेश प्रवासात घालून गेल्यास आठ तासांच्या पाळीची सुरुवातच ओल्या कपड्यांत होते.

कापडाची पारख

‘उकाड्यात सूतच बरे’ हा समज अर्धा खरा आहे. सुती धागा सामान्य हवेतही आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरच्या धाग्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. कमी घाम येत असेल तेव्हा सूत तो शोषून घेते व अंगाला सुखद वाटते. घाम वाढला की मात्र तेच कापड जड होते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. खेळाच्या टी-शर्टसाठी वापरले जाणारे जाळीदार पॉलिएस्टर घाम धाग्यात न मुरवता कापडाच्या पृष्ठभागावर पसरवते, त्यामुळे तो लवकर सुकतो. मात्र या कापडाला घामाचा वास अधिक धरतो आणि ते दिवसभर अंगावर ठेवण्याजोगे नसते.

यातून साधी विभागणी निघते. जवळच्या अंतरासाठी पातळ, सैल विणीचे सूत, खादी, मलमल किंवा लिनन चालते. लांबच्या अंतरासाठी प्रवासापुरते जाळीदार पॉलिएस्टर आणि कामाच्या जागी कोरडे सूत असा मेळ बसवावा. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर व सूत यांचे मिश्र कापड, लवकर वाळते आणि कमी चुरगळते. म्हणून सोबत न्यायच्या शर्टासाठी ते सोयीचे. सायकलवर जाड डेनिम सहसा टाळावे. ते ओले झाल्यास दिवसभर ओले राहते आणि गुडघा वाकताना अडवते.

उन्हाचाही विचार करावा लागतो. फिके रंग उष्णता कमी शोषतात, पण अतिशय पातळ पांढरे सूत भिजल्यावर त्यातून अतिनील किरणे अधिक प्रमाणात आरपार जातात. दुपारच्या पाळीला निघणाऱ्यांनी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टावर लांब बाह्यांचा सैल, फिका पण दाट विणीचा शर्ट बटणे न लावता घालण्याऐवजी बटणे लावूनच घालावा. उघडा शर्ट वाऱ्याने मागे फडफडतो आणि लक्ष विचलित करतो. घामाचे डाग फिक्या करड्या व आकाशी रंगांवर सर्वाधिक उठून दिसतात. पांढरा, गडद निळा आणि बारीक चौकडीचा कपडा ते झाकतो.

सीटशी गाठ

सायकलस्वाराच्या शरीराचा भार हात, पाय आणि बैठक या तीन ठिकाणी पडतो. कपड्यामुळे होणारा त्रास मुख्यतः बैठकीच्या जागी होतो. जीन्स पँटच्या चारही जाड शिवणी दोन पायांच्या मध्ये जेथे एकत्र येतात, नेमकी तीच जागा सीटवर दाबली जाते. अर्ध्या तासाच्या प्रवासात तेथील कातडी काचू लागते. पँट निवडताना म्हणूनच आतली शिवण बोटांनी चाचपून पाहावी. ती सपाट असावी, किंवा दोन पायांच्या मध्ये वेगळा चौकोनी तुकडा जोडून शिवण बाजूला नेलेली असावी. शिंप्याकडून पँट शिवून घेणाऱ्यांना ही सोय सहज करून घेता येते. कापडात दोन-तीन टक्के ताणणारा धागा असल्यास गुडघा मोकळा वाकतो. सायकलवर पुढे वाकल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून कमरेचा मागचा भाग थोडा उंच ठेवावा.

आतल्या कपड्यांची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. मांडीच्या सांध्यात रुतणाऱ्या जाड इलॅस्टिकच्या चड्डीपेक्षा मांडीपर्यंत येणारी, सपाट शिवणीची, अंगाबरोबर बसणारी चड्डी बरी. गादी असलेली सायकलची खास चड्डी दहा किलोमीटरहून लांबच्या प्रवासातच उपयोगी पडते. पूर्वी या चड्ड्यांत युरोपातील डोंगरी प्राण्याचे मऊ कातडे बसवत असत, आता तेथे फोम असतो. ही चड्डी आत दुसरे वस्त्र न घालता वापरायची असते आणि प्रत्येक वापरानंतर धुवावी लागते. जाड गादीची सीट बसवल्याने तिची उणीव भरून निघते असे मात्र नाही. फार मऊ सीटमध्ये शरीर रुतते आणि घर्षण वाढते.

सैल टोके आणि फिरती चाके

सायकलवरच्या कपड्यांमुळे होणारे गंभीर अपघात बहुधा एकाच कारणाने घडतात, ते म्हणजे सैल टोक फिरत्या भागात अडकणे. चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे पँटचा उजवा पाय तिच्यात सापडतो. काळे डाग पडतात ते वेगळेच, पण पाय अडकून तोल गेल्यास मागून येणाऱ्या वाहनापुढे पडण्याची भीती असते. पूर्वी पायजमा घालणारे सायकलस्वार घोट्याजवळ धातूची गोल क्लिप लावत. आज त्या जागी चिकटपट्टीचा पट्टा मिळतो, पण काम तेच. बुटाची उजवी नाडीही पॅडलच्या दांड्याभोवती गुंडाळली जाऊ शकते, म्हणून ती बुटाच्या आत खोचावी.

ओढणी आणि पदर यांबाबत अधिक दक्षता हवी. गळ्याभोवती घेतलेल्या ओढणीचे मागे लोंबणारे टोक चाकात गेल्यास गळ्याला फास बसतो. नृत्यांगना इसाडोरा डंकन यांचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे झालेला मृत्यू मोटारीच्या चाकात गळ्यातील लांब वस्त्र अडकूनच झाला होता. भारतात मोटारसायकलच्या मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून नियमानेच बंधनकारक आहे. साध्या सायकलला तसे आवरण बहुधा नसते, म्हणून काळजी स्वाराने घ्यायची. ओढणी छातीवर आडवी घेऊन कमरेशी गाठ मारावी, किंवा प्रवासात पिशवीत ठेवून कामाच्या जागी घ्यावी. सलवारीपेक्षा चुडीदार वा सरळ पँट आणि गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंनी चीर असलेला कुर्ता अधिक सुरक्षित. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या स्त्रियांनी आडवा दांडा नसलेली सायकल घ्यावी, मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी आणि पदर कमरेला घट्ट खोचावा.

कपड्यांचा निम्मा प्रश्न खरे तर सायकलच सोडवू शकते. नेदरलँड्समध्ये माणसे रोजच्या पोशाखातच कामावर जाताना दिसतात, कारण तेथील नेहमीच्या सायकलींना पूर्ण झाकलेली चेन, लांब मडगार्ड, मागच्या चाकावर कपड्यांसाठी आवरण आणि सामानाला कॅरिअर असतो. आपल्याकडे शर्यतीच्या धाटणीची नवी सायकल घेताना हे सारे भाग गाळले जातात, आणि मग त्यांची उणीव कपड्यांनी भरून काढावी लागते. रोजच्या वापरासाठी सायकल घेणाऱ्याने मडगार्ड आणि चेनकव्हर आधी बसवून घ्यावेत.

पोदेराची पँट

कामाचा आणि सायकलचा मेळ घालणारा पेहराव गोव्याला नवा नाही. पूर्वीचे पोदेर गुडघ्यापर्यंत येणारा ‘कबाय’ नावाचा एकसंध अंगरखा घालत. पुढे त्यांच्या अंगावर शर्ट आणि पूर्ण पँटहून आखूड, अर्ध्या पँटहून लांब अशी विजार आली. तशी विजार घालणाऱ्याला ‘पोदेरासारखा पेहराव केला आहे’ असे चिडवले जाई, ही आठवण लुसिओ रॉड्रिग्ज यांनी गोव्यातील पोदेरांवरील आपल्या लेखात नोंदवली आहे. चेष्टेचा विषय झालेली ही लांबी सायकलसाठी मात्र अचूक आहे. गुडघा झाकला जातो, पोटरीला वारा लागतो आणि कापड चेनपर्यंत पोचत नाही. शेतात राबणाऱ्या कुणबी स्त्रियांचे आखूड लुगडेही याच व्यवहारी जाणिवेतून आलेले आहे.

सोय आणि प्रतिष्ठा यांचा झगडा इतरत्रही झाला. लंडनमध्ये १८८१ साली स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्या पुढाऱ्यांपैकी लेडी हार्बर्टन यांना १८९८ मध्ये सायकलच्या प्रवासात सैल विजार घातल्यामुळे सरे परगण्यातील एका हॉटेलच्या मुख्य दालनात बसण्यास मज्जाव करण्यात आला, आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आज गोव्यात सायकलवर पँट घातलेल्या स्त्रीला कोणी अडवत नाही. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने गैरसोयीचे कपडे घालून निघणारे स्त्री-पुरुष आहेतच.

पावसाळ्यातील तडजोड

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात पूर्ण कोरडे राहण्याचा आग्रह बाजूला ठेवावा लागतो. रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो. आतून बाष्प बाहेर सोडणारे महागडे जॅकेट थंड प्रदेशात उत्तम काम देते. त्याचे कार्य आतल्या व बाहेरच्या बाष्पदाबातील फरकावर चालते, आणि येथील उष्ण, दमट पावसात तो फरकच फार थोडा असतो. त्यामुळे असल्या जॅकेटवर मोठा खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

व्यवहारात दोन मार्ग उरतात. जवळच्या अंतराला खालून मोकळा असलेला पोंचो बरा, कारण त्यात हवा खेळती राहते. त्याचे पुढचे टोक हँडलवर धरता यावे म्हणून आत अंगठ्यासाठी फासे असावेत आणि मागचे टोक चाकापर्यंत लोंबू नये. जोराच्या वाऱ्यात मात्र पोंचो शिडासारखा फुगतो व तोल जाऊ शकतो. पुलावरून वा खाडीच्या काठाने जाणाऱ्यांनी अंगाबरोबर बसणारा रेनकोटच घ्यावा. लांबच्या अंतराला दुसरा मार्ग सोयीचा ठरतो. आखूड पँट व पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालून सरळ भिजावे आणि कामाच्या जागी अंग पुसून कोरडे कपडे घालावेत. त्यासाठी कामाचे कपडे जलरोधक पिशवीत असणे अत्यावश्यक आहे. साधी जाड प्लॅस्टिकची पिशवी दोनदा दुमडून बांधली तरी चालते.

रेनकोटच्या टोपीने बाजूचे दृश्य झाकले जाते. ती पट्ट्याने डोक्याशी घट्ट करावी, म्हणजे मान वळवली की टोपीही वळेल. हेल्मेटखाली पुढे झापड असलेली पातळ टोपी घातल्यास डोळ्यांत पाणी जात नाही. पावसाळ्यात चामडी बूट घरीच ठेवावेत. मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल पायात घट्ट राहतात आणि लवकर सुकतात. मोकळी चप्पल ओल्या पॅडलवरून सटकते, म्हणून ती कोणत्याही ऋतूत नको. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवल्यास ते ओलावा शोषून घेतात. या दिवसांत कपडे एका रात्रीत वाळत नाहीत, हे लक्षात घेऊन प्रवासाच्या कपड्यांचे किमान तीन जोड ठेवावेत.

दिसण्यासाठी कपडे

दिवसा आणि रात्री नजरेस पडण्याचे शास्त्र वेगवेगळे आहे. पिवळा-हिरवा झगझगीत रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशात तो लांबून दिसतो. अंधार पडल्यावर हा गुण संपतो. रात्री उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी, जी वाहनाच्या दिव्याचा प्रकाश थेट त्या वाहनाच्या दिशेने परत पाठवते. रात्रपाळीवरून सुटणाऱ्या कामगाराने गडद निळा वा करडा गणवेश घातला असेल आणि रस्त्यावर दिवे नसतील, तर वाहनचालकाला तो अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

ही पट्टी कोठे लावावी यालाही महत्त्व आहे. पाठीवरचा एकच स्थिर ठिपका खांबाचा किंवा फाटकाचाही वाटू शकतो. घोटे आणि गुडघे येथे पट्टी लावल्यास पॅडल मारताना ती वरखाली हलते, आणि समोर माणूस सायकल चालवतो आहे हे चालकाच्या चटकन लक्षात येते. पँटचा पाय आवळणारा पट्टाच परावर्तक असेल, तर एका वस्तूत दोन कामे होतात. पाठीवर पिशवी अडकवणाऱ्यांच्या जॅकेटवरील पट्टी पिशवीखाली झाकली जाते, म्हणून पिशवीवरही पट्टी शिवून घ्यावी. पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा यांची जागा कोणताही कपडा घेऊ शकत नाही, हे येथे सांगायलाच हवे.

पोचल्यावर

कामाचे कपडे पाठीवरच्या पिशवीतून नेल्यास पाठीचा घाम दुप्पट वाटतो, कारण तेथे वारा पोचत नाही. कॅरिअरला अडकवायची पिशवी किंवा पुढची टोपली अधिक चांगली. शर्टाची बटणे लावून, बाह्या मागे दुमडून, आत एक वर्तमानपत्र घालून गुंडाळी केल्यास तो कमी चुरगळतो. पँट घडीवरच गुंडाळावी. याहून सोपा उपाय म्हणजे सोमवारी आठवड्याचे शर्ट कामाच्या जागी नेऊन ठेवणे आणि शनिवारी परत आणणे. चामडी बूट आणि पट्टा तर कायम तेथेच राहू द्यावेत.

अंघोळीची सोय नसली तरी बिघडत नाही. घरून निघताना अंघोळ केलेली असल्यास ताज्या घामाला फारसा वास नसतो. वास येतो तो घामावर जिवाणू वाढल्यावर. पोचल्यावर एका ओल्या पंचाने मान, काखा आणि पाठ पुसून कोरड्या पंचाने टिपून घ्यावे. प्रवासाचे ओले कपडे टेबलाच्या खणात कोंबू नयेत, वाऱ्याला पसरावेत, कारण संध्याकाळी तेच पुन्हा घालायचे असतात.

ओल्या कपड्यांत दिवस काढण्याचा परिणाम त्वचेवर होतो. घामोळे, जांघेतील काच आणि गजकर्ण यांना दमट हवा व घट्ट कपडे पोषकच असतात. रोज धुतलेले आतले कपडे आणि जांघ कोरडी ठेवणे हा यावरचा खरा प्रतिबंध. खाजणारे, कडेने पसरत जाणारे चट्टे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण गजकर्ण अधिक चिवट होते. खेळाचे पॉलिएस्टर कपडे घरी पोचताच पाण्यात टाकावेत. कपडे मऊ करणारे द्रावण त्यांना लावू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून घाम पसरवण्याचा गुण कमी होतो.

काय आधी घ्यावे

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्व खरेदी एकदम करू नये. प्रथम घरातील कपड्यांतच आठवडाभर जाऊन पाहावे आणि नेमका त्रास कोठे होतो ते ओळखावे. पाठ भिजत असेल तर पिशवी कॅरिअरवर न्यावी, जांघ काचत असेल तर आतला कपडा बदलावा, पँट काळी होत असेल तर चेन झाकावी. खर्चाचा क्रम ठरवायचा झाल्यास आधी दिवे व परावर्तक पट्ट्या, मग मडगार्ड व चेनकव्हर, त्यानंतर एक जाळीदार टी-शर्ट, आणि अखेरीस पावसाळ्याच्या तोंडावर रेनकोट असा तो असावा.

काही गोष्टी मात्र एकट्या सायकलस्वाराच्या हातात नसतात. कपडे बदलायला आडोसा, ते वाळत घालायला चार खुंट्या, हात-तोंड धुवायला नळ आणि किल्लीचा एक खण एवढे कचेरीने किंवा कारखान्याने दिले, तर आठ-दहा किलोमीटरवरून येणाऱ्यालाही सायकल परवडते. स्त्रियांसाठी तर कडी असलेली बदलण्याची खोली ही पहिली अट आहे. रात्रपाळी चालवणाऱ्या आस्थापनांनी गणवेश शिवून घेतानाच पँटच्या घोट्यापाशी आणि शर्टाच्या पाठीवर परावर्तक पट्टी लावून घेतल्यास खर्च किरकोळ येतो. वेर्ण्याच्या सड्यावरून रात्री अकरा वाजता घरी निघालेला कामगार मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला वेळेत दिसावा, यासाठी एवढी पट्टीही पुष्कळ काम करते.